साडूभाऊचं बायोटिन

चहा ठेवा खाली अन् आधी माझ्या कानामागं बघा. दिसतं काही? नाही? जरा उजेडाकडे या. हां, इथं. काळपट पट्टा आहे ना अजून? तोच. त्याचीच गोष्ट सांगतो, पण हसायचं शेवटी. आधी हसला त्याचा चहा मी पिणार.

असा गाढवपणा केला लेकहो, की गाढवानं पाहिला असता तर तोही म्हटला असता, आबा, माझं नाव कायले खराब करता?

आता तुम्ही मले ओळखता. आख्ख्या राजपुऱ्यात असं एक घर दाखवा, जिथं मी कोणाची खोडी काढली नाही. सासऱ्याच्या पानात चुना दाबून लावणारा मी. व्याह्यानं डुलकी काढली, तर त्याच्या धोतराचं टोक खाटेच्या पायाले बांधणारा मी. लोकं माझ्याकडून प्रसाद घेतात तोही हुंगून. एवढं नाव कमावलं आहे! अन् असा माणूस फसला कुठं? स्वतःच्या स्वयंपाकघरात.

सुरुवात साडूपासून झाली. भावासंग भांडता येतं, शेजाऱ्यासंग कोर्टात जाता येतं. साडूसंग काय करता? तो तर पाहुणा असतो. त्याले वरून पुरणपोळी वाढावी लागते, अन् तूपही आपणच विचारायचं.

माझा साडू म्हणजे मुरलीधर. माझ्या बायकोच्या, सुमनच्या, थोरल्या बहिणीचा नवरा. नेपानगरले राहतो. जन्मभर कागदाच्या मिलमध्ये पंख्याखाली नोकरी केली त्यानं. अन् मी जन्मभर तापीकाठी केळीच्या बागेत, उन्हात. तो माझ्याहून मोठा आहे, हे ध्यानात ठेवा. वयानं मोठा! पण आम्ही दोघं बाजूबाजूले उभे राहिलो की लोक त्याले विचारतात, "वडिलांले पण आणलं काय?"

वडील म्हणजे मी.

आमचं लग्नही एकाच मांडवात झालेलं. दोघी बहिणी, दोघं नवरदेव, एकच भटजी. मी बाशिंग बांधून बसलो होतो अन् मागं बायकांची कुजबुज चालू. एक म्हणे, "थोरलीचा नवरदेव कसा राजबिंडा आहे गं!" दुसरी म्हणे, "अन् धाकटीचा?" सगळ्यांनी वाकून मले बघितलं. मग एक म्हातारी म्हणे, "धाकटीचा मेहनती दिसतो."

मेहनती! माणसात सांगायसारखं काहीच सापडलं नाही की त्याले मेहनती म्हणतात. बैलालेही तेच म्हणतात. पन्नास वर्षं झाली, तो शब्द माझ्या काळजात रुतून बसला आहे.

अन् यंदा दोन्हीकडच्या पोरांच्या डोक्यात काय आलं, की दोन्ही म्हाताऱ्या जोड्यांचं पुन्हा एकदा लग्न लावायचं. सोन्याचा वाढदिवस म्हणे. तोच एक मांडव, त्याच दोन जोड्या, हार, फोटो, बँड. म्हणजे पुन्हा मी अन् मुरलीधर बाजूबाजूले! बघायले आख्खं गाव! पोरांचं प्रेम असं असतं बघा, बापाले पन्नास वर्षांनी परत त्याच बाजारात उभं करतात.

ठरवाठरवीले मुरलीधर आमच्या घरी आला. अन् त्यानं टोपी काढली.

अरे काय सांगू बा! डोक्यावर केस! मागच्या दिवाळीले त्याच्या टाळूवर मी स्वतः चांद पाहिला होता. मनातल्या मनात पेढे वाटले होते मी. अन् आता तिथं कसं, पहिल्या पावसानंतर बांधावर गवत यावं तसं लुसलुशीत. गाल चकचकीत. नखं तर अशी गुलाबी, की चहाचा कप उचलला तर माझं लक्ष चहाकडं नाही, नखांकडं. मी आपले हात मांडीखाली घेऊन बसलो. बागेत राबणाऱ्याची नखं म्हणजे काय, पाली बऱ्या.

सुमन पाणी घेऊन आली अन् तिथंच थबकली. "अगं बाई, दाजी! काय चमकता हो तुम्ही!"

मग ती वळली अन् तिनं माझ्याकडं पाहिलं.  व्यापारी केळीचा घड बघायले येतो, अन् त्यात एखादं डागी केळं निघालं तर कसं बघतो? तसं.

मुरलीधर गेल्यावर मी सूनबाईले गाठलं. आमची रेखा. दिवसभर मोबाईलवर असते, पण हुशार आहे. मी म्हटलं, "पोरी, तुझ्या मावससासऱ्यानं डोक्याले काय लावलं गं?"

"बायोटिन बाबा."

"हे काय असतं?"

"व्हिटॅमिन असतं एक. बाल, स्किन, नाखून, सबके लिए. अंड्यात असतं, शेंगदाण्यात असतं. गोळ्या पण भेटतात. आजकाल लोक घरीच पॅक बनवतात. गोळी कुटायची, त्यात पिकलेलं केळं, कोरफड, जवस उकळून त्याचा चिकट गर, वरून एरंडेल. मस्त फेटायचं अन् लावायचं."

"अन् केस येतात?"

"लेकिन बाबा, ते खरं काम पोटातूनच करतं म्हणतात. वरून लावून कितना असर होता है, कोण जाणे. अन् गोळ्या डॉक्टरले विचारून खायच्या, हां."

एवढं सगळं ती बोलली. माझ्या डोक्यात राहिलं काय? पोटातून काम करतं. बस. हे ध्यानात ठेवा, पुढं ह्यानंच माझा घात केला.

आता तुम्ही म्हणाल, आबा, मग तूही लाव ना, कोणी अडवलं? असं कसं? साडूनं लावलं म्हणून मी लावू? म्हणजे त्यानं पेरलं अन् मी उगवलं? अन् एक सांगतो, माझी शेतीची रीत पक्की आहे. नवीन औषध कितीही भारी असो, मी एकदम बगीचाभर मारत नाही. आधी बांधाकडच्या कडेच्या ओळीले मारतो. ती जळली तर जळली, बगीचा तर वाचला! आठ-पंधरा दिवस बघायचं, मग पुढं. घरात सगळ्यांले ही रीत पाठ आहे. तर मी ठरवलं, बघू या, मुरलीधरचे केस टिकतात की गळतात. मनातून म्हणत होतो, गळोत.

अन् त्यातच एका सकाळी मी दातवण करत उभा. आत सुमन फोनवर बोलत होती, बहिणीशी. खालच्या आवाजात. बायको खालच्या आवाजात बोलते तेव्हा नवऱ्याचे कान आपोआप लांब होतात.

"हाव ताई... दाजींच्या केसांत चांगलाच फरक पडला... हाव, मी इकडंच बनवते आहे... नाही गं, ह्यांले नाही सांगितलं, ह्यांले बिलकुल कळू देऊ नको... लग्नाच्या आदल्या दिवशी तुम्ही येणारच ना, तेव्हाच लावते. माझ्या हातानं."

दातवण माझ्या तोंडातून खाली पडलं.

माझ्या हातानं! कोणाच्या डोक्याले? दाजींच्या! माझी बायको, माझ्या घरात, माझ्या बगीच्याचं केळं कुस्करून त्या मुरलीधरच्या डोक्याले लेप लावणार! अन् ह्यांले कळू देऊ नको म्हणे! हे म्हणजे कोण? हे म्हणजे मी!

मी विचार करायले लागलो, पन्नास वर्षांत हिनं माझ्या डोक्याले हात कधी लावला? लावला होता, पहिल्या वर्षी. तेल लावून द्यायची. मग पोरं झाली, सासू आजारी पडली, ढोरं होती, बागेतल्या माणसांच्या भाकरी होत्या. माझं डोकं राहून गेलं. मीही कधी म्हटलं नाही. मेहनती माणसानं असं मागावं कसं?

तुम्ही हसता काय रे? चहा आणा इकडं.

मग मी चोरासारखा शोध सुरू केला. आपल्याच घरात! सुमन देवळात गेली की मी स्वयंपाकघरात. डाळीच्या डब्यात हात, पिठाच्या डब्यात हात. रेखा म्हणे, "बाबा, भूक लागली काय?" मी म्हणे, "नाही, उंदीर झालेत." अन् कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी, सकाळी सकाळी, पापडाच्या डब्यामागं सापडली. लोणच्याची काचेची बरणी. आत पिवळट, घट्ट, चकचकीत लेप. झाकणावर फडकं बांधलेलं, वरून दोऱ्याची सुरगाठ. माझ्या डब्यावर कधी एवढं नीट फडकं बांधलं नाही हिनं.

तेवढ्यात ती मागून आली. मी झटकन पापड तोंडात टाकला. कच्चाच.

"ओ, इथं काय करता? बागेत जा अन् मांडवाले केळीचे खांब घेऊन या. चांगले सरळ बघून आणा."

केळीचे खांब! अन् देवाशपथ सांगतो, त्याच क्षणी माझ्या डोक्यात खोडी चमकली.

आता चीक तुम्हाले मी काय सांगायचा? केळीचा खांब कापला की जो पाण्यासारखा गळतो, तो. तेव्हा कसा साफ, गरीब, जसं काही कोणाचं वाईट केलंच नाही. अन् अंगावर पडून वाळला की काळा कुळकुळीत! कपड्यावर पडला तर कपडा फाटेल पण डाग जाणार नाही. म्हणून तर बागेत घालायचा सदरा आमचा वेगळा असतो. सुमननं माझे ते सदरे जन्मभर घासले अन् जन्मभर मले शिव्या दिल्या.

मी बागेत गेलो, खांब कापले, अन् त्याखाली बाटली धरून बसलो. ठिबक ठिबक चीक भरत होता अन् मले मुरलीधर दिसत होता. फोटोत! माझ्या बाजूले! कपाळावर काळे ओघळ! अन् मागं ती बायकांची कुजबुज, "थोरलीच्या नवरदेवाले झालं काय गं?" मी एकटाच हसत होतो. बागेतला गडी म्हणे, "आबा, तब्येत ठीक आहे ना?"

घरी आलो. सगळ्या बायका ओसरीवर हार गुंफत होत्या. मी सुळकन आत गेलो, बरणी उघडली, अर्धा लेप पेल्यात काढला अन् बरणीत चीक ओतला. बोटानं ढवळला. रंग तोच! चकाकी तीच! फडकं बांधलं, गाठ मारली, पापडाच्या डब्यामागं परत ठेवली. एवढं साफ काम मी तरुणपणीही केलं नव्हतं.

पण हातात पेला राहिला ना. अर्धा पेला अस्सल बायोटिन. फेकवत नाही अन् लावावं तर वेळ नाही, बायका कधीही आत येतील. तेव्हा आठवलं, खरं काम पोटातून करतं!

मी पिऊन टाकला.

चव विचारू नका. आधी केळं लागलं, गोड. मग कोरफड लागली, कडू. मग जवसाचा तो गर, घशातून खाली जाईना अन् वरही येईना. अन् शेवटी तोंडभर एरंडेल. तरी मी डोळे मिटून घेतले अन् म्हटलं, मुरलीधर, तू वरून लावत बस, मी आतून लावला.

एरंडेल पोटात गेल्यावर काय करतं, ते तुम्हाले लहानपणापासून माहीत आहे. मलेही माहीत होतं. पण जळणाऱ्या माणसाले ऐन वेळी काही आठवतं काय?

जेवणं झाली अन् पोटात बँड वाजायले लागला. उद्याचा आजच आला. मी मागच्या अंगणात गेलो, आलो. बसलो, परत गेलो. रेखा म्हणे, "बाबा, उंदीर अंगणात पण झालेत काय?"

तेवढ्यात मुरलीधर आला, कमलताई आल्या. कमलताई म्हणजे सुमनची थोरली बहीण. मी पोट धरून दारात उभा.

"काय साडूभाऊ, तोंड कायले उतरलं?"

"तुमची वाट बघून बघून," मी म्हटलं.

त्याले बसवला, पंखा त्याच्याकडं वळवला, वर उशीही दिली. कसायानं बकऱ्याले पाला द्यावा ना, तसा. अन् स्वयंपाकघराच्या दाराकडं डोळे लावून बसलो. आता सुमन येईल, आता म्हणेल दाजी या, आता बरणी उघडेल...

सुमन आली. हातात बरणी होती, खांद्यावर जुना टॉवेल.

"ओ, इकडे या."

मी मुरलीधरकडं पाहिलं. मुरलीधरनं माझ्याकडं पाहिलं.

"जा ना," तो म्हणे, "तुम्हाले बोलावते."

मले वाटलं, टॉवेल धरायले बोलावते असेल. गेलो. तिनं मागच्या अंगणात, निंबाखाली पाट मांडला होता.

"बसा."

"मी?"

"मग कोण? गल्लीतला शेटजी? बसा गुपचूप. किती दिवसांपासून करते आहे तुमच्यासाठी. उद्या नवरदेव आहात ना?"

लेकहो, पायाखालची जमीन सरकते म्हणतात, ती मी तिथं सरकताना पाहिली. माझ्यासाठी! ती बरणी माझ्यासाठी होती! त्यात मी माझ्या हातानं, माझ्या बगीच्याचा, माझ्या खांबाचा चीक ओतला होता! अन् चांगला होता तो सगळा पोटात, वाजत!

"राहू दे सुमन," मी म्हटलं, "एवढं कायले..."

"हलू नका."

तिनं फडकं सोडलं. बोट बुडवलं. मग थांबली. बोट नाकाशी नेलं. जरा माझ्या हाताकडं पाहिलं. माझ्या बोटाचं नख काळं पडलं होतं, पण ते काय, बागेतल्या माणसाची बोटं रोजच काळी.

"थांबा हं," म्हणे, अन् आत गेली.

मले वाटलं, कळलं! आता कोयता घेऊन येते. पण आली तर काय, बोट धुऊन, दोन्ही हातांले पन्न्या, प्लास्टिकच्या पिशव्या, बांधून, मनगटाशी दोरा गुंडाळून. मी मनात म्हटलं, औषध भारी आहे ना, हाताले लागून वाया जायले नको, म्हणून केलं असेल. बायकांले काटकसर शिकवावी लागत नाही.

अन् तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला.

आता इथं हसू नका. खरंच नका.

पन्नी चरचर वाजत होती. पण आत हात तर तिचाच ना? हळूहळू, बोटं फिरवत, टाळूवरून कानाकडं, कानाकडून मानेकडं. मी म्हणणार होतो, सुमन थांब, त्यात चीक आहे. शब्द ओठापर्यंत आलेही. तेवढ्यात ती म्हणे, "किती विरळ झाले हो. लग्नात केवढे होते!"

"तुले आठवतात?"

"नाही आठवणार? अंतरपाटाच्या वरून तुमचं तेवढंच तर दिसत होतं. केस. मले वाटलं, ह्याचं तोंड कसंही निघो, केस तर चांगले आहेत."

सांगा, आता कसं म्हणू थांब? कोण म्हणेल? तुम्ही म्हणाल? पन्नास वर्षं मी त्या मुरलीधरवर जळत होतो अन् ती पन्नास वर्षं माझे केस ध्यानात ठेवून बसली होती! वरून चीक ओघळतो आहे, आत एरंडेल खवळतं आहे, अन् मी पाटावर बसलो आहे, डोळे मिटून, देवळातल्या दगडासारखा. मनात म्हणतो, होऊ दे काळं. अजून थोडं मागून लाव, सुमन, तिथं राहिलं.

पण पोट काही देव नाही. ते ऐकेना. एकदम अशी कळ आली की मी पाट उलटा करून पळालो. लेप डोक्यावर, टॉवेल गळ्यात, अन् मागून ती ओरडते, "अहो, वाळू द्या!"

वाळला. आत बसलो होतो तिथंच वाळला. बराच वेळ बसलो होतो मी.

बाहेर आलो अन् डोकं धुतलं. बेसन लावून धुतलं, लिंबू घासलं, राख घासली. संध्याकाळी रेखानं आरसा दिला अन् स्वतः पदराआड तोंड करून पळाली. काय दिसलं सांगू? केस पांढरे ते पांढरेच! त्यांनी चीक घेतलाच नाही, ते माझ्यापेक्षा शहाणे निघाले. पण कातडं? टाळू काळी, कपाळावर काळे ओघळ, दोन्ही कान काळे, अन् मानेवरून एक पट्टा खाली गेलेला. कोणी डांबराच्या पिपात बुडवून घाईत बाहेर काढावं, तसं.

दुसऱ्या दिवशी मांडव. चारी कोपऱ्यांले मीच आणलेले केळीचे खांब, सरळ, हिरवेगार. मले बघून हसत होते साले.

अन् आता ऐका. फेटे बांधणारा आला. त्यानं मुरलीधरले फेटा बांधला. मग मले बांधला. दोघांचेही केस आत गडप! एक केस दिसेना! ज्या केसांसाठी मी दिवस दिवस जळलो, कच्चा पापड खाल्ला, एरंडेल प्यालो, ते केस फेट्याखाली, दोघांचेही सारखे! बाहेर राहिलं काय? त्याचे गुलाबी गाल अन् माझं काळं कपाळ, काळे कान.

मागं बायकांची कुजबुज सुरू झाली. मी कान टवकारले. काळे होते तरी ऐकू येत होतं.

"अगं, धाकटीच्या नवरदेवाले काय झालं?"

कमलताई मोठ्यानं म्हणाल्या, "सुमन, काय गं हे? नजर लागू नये म्हणून तीट लावतात ती गालाले, एवढीशी!"

सुमन काही कमी नाही. म्हणे, "ताई, पन्नास वर्षांनी नवरदेव झालेत. एवढ्याशा तिटेनं भागलं नसतं, म्हणून सगळं डोकंच काळं करून आणलं."

मांडवभर हशा. बँडवाल्याची पिपाणी सुद्धा थांबली. मुरलीधर तर पोट धरून हसत होता. त्याले हसताना बघून माझी अशी जळली, अशी जळली!

तो हसता हसता म्हणे, "साडूभाऊ, माझ्यासारखं बायोटिन लावायचं होतं ना! हे काय लावलं?"

तेव्हा कमलताईंच्या तोंडून निघून गेलं. "तेच तर लावायचं होतं हो त्यांले! सुमननंच मले सांगितलं होतं, ताई, आधी दाजींच्या डोक्याले लावून बघ. त्यांले काही झालं नाही तर मग मी ह्यांच्या डोक्याले लावते."

मुरलीधरचं हसू गालावरच वाळलं. "म्हणजे? माझ्या डोक्यावर प्रयोग केला?"

"रागावू नका दाजी," सुमन म्हणे, एकदम गोड आवाजात. "आमच्या घरची रीतच आहे. नवीन औषध आधी कडेच्या ओळीले मारून बघायचं. बगीचा जळायले नको ना."

कडेची ओळ!

मुरलीधर म्हणजे कडेची ओळ, अन् बगीचा म्हणजे मी! लेकहो, माझी छाती अशी फुगली की अंगरख्याचं बटण तटकन तुटलं. राजबिंडा म्हणे! अरे, जळला तर चालेल म्हणून बांधावर उभा केलेला तो, अन् जपलेला तो मी! काळ्या कपाळानं मी मांडवभर असं बघितलं, जसा आत्ताच निवडून आलो.

फोटोवाला म्हणे, "बाबा, थोडं कम हसा, सिर्फ दात दिसताहेत."

हार घालायची वेळ आली. सुमन समोर उभी. तिचे हात कसे गोरे, नखं साफ, मेंदी लालभडक. चिकाचा एक ठिपका नाही. तेव्हा माझ्या डोक्यात ती पन्नी चरचरली.

मी हार धरूनच खालच्या आवाजात विचारलं, "सुमन, तुले कळलं कधी?"

"पहिल्या बोटालेच. जन्मभर तुमचे चिकाचे सदरे घासले, मले वास कळणार नाही? अन् बरणीले मी सुरगाठ मारली होती. तुम्ही खांबाले मारता तशी गाठ मारून ठेवली."

"अन् दाजींसाठी आहे असं मले वाटलं, हेही कळलं?"

"तुमच्या तोंडावर पन्नास वर्षं तेच तर लिहिलं आहे."

"मग लावत कायले बसली? थांबायचं ना!"

तिनं हार माझ्या गळ्यात घातला, फेटा नीट केला, अन् म्हणे, "तुम्ही म्हटलं काय, थांब?"

 भटजी अक्षता टाका म्हणत होता, लोकं टाकत होती, अन् मी काळा नवरदेव, तोंड उघडं ठेवून उभा.

तर असं झालं. महिनाभर डाग निघाला नाही. आता निघत आला आहे, कानामागं तेवढा राहिला, अन् खरं सांगू, मलेच तो जावासा वाटत नाही. परवा मी सुमनजवळ जाऊन बसलो. जरा खाकरलो. म्हटलं, "अगं, डोकं फार कोरडं पडलं आहे. ते तुझं बायोटिन जरा..."

तिनं तांदूळ निवडता निवडता वरही पाहिलं नाही.

"कोयता दाराआड आहे," म्हणे. "बागेत जा. खांब कापा, अन् जाऊन त्याच्याखाली बसा."